अंगाला बांधलेली रायफल

मुळशी धरणाच्या पाण्यावर आमच्या इंजिनिअर कंपनीचा कॅम्प लागायचा, तेव्हा बुडण्याची भीती कोणाला फारशी नसायची. भीती असायची रायफल हरवण्याची. सिव्हिलमधल्या लोकांना हे सांगून पटत नाही. फौजेत माणूस पडला तर त्याला हॉस्पिटल आहे. रायफल हरवली तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, बंद झालेल्या सुट्ट्या आणि नावाला कायमचा डाग.

साल २००३. पुण्याहून गाड्यांतून आलो, पाण्याकाठी तंबू ठोकले. सकाळी पीटी, मग बोट खांद्यावर घेऊन धावणं, मग हाताची सालं निघेपर्यंत वल्हवणं. शेवटच्या दिवशी प्लाटूनांची शर्यत. पूर्ण सामान, पाठीवर रायफल आणि पलीकडचा काठ.

आमच्या दोन नंबर बोटीचा कमांडर नाईक दत्ता शेलार. घोटावड्याचा, म्हणजे याच तालुक्यातला. दोरकामात त्याचा हात धरणारा कंपनीत कोणी नव्हता. मी लान्स नाईक, त्याच्या मागच्या जागेवर. माझ्या गाठी बघून शिकवणारे उस्ताद म्हणायचे, तू चपला घालत जा, बुटाची नाडी तुला झेपायची नाही.

आदल्या वर्षी आम्ही ही शर्यत जिंकत आणली होती. काठावर उडी मारताना दत्ताच्या खांद्यावरून रायफल निसटली आणि गडप झाली. पाणबुड्यांनी चिखल चाचपून ती काढली, पण शर्यत गेली आणि अख्ख्या प्लाटूनच्या सुट्ट्या गेल्या. वर चिडवणं सुरू झालं, की शेलारने घरच्याच पाण्यात बंदूक बुडवली. बातमी घोटावड्यात पोचायला कितीसा वेळ लागणार? दत्ता गावी गेला तर पारावरच्या म्हाताऱ्यांनी रामरामाच्या आधी बंदुकीचं विचारलं. तो आमच्यासमोर हसण्यावारी न्यायचा. त्याला ते फार लागलं होतं.

हरल्यावर माणूस शिकतो म्हणतात. आम्हीही शिकलो, पण उलटं शिकलो. या खेपेला दत्ताने सगळ्यांना नायलॉनची दोरी दिली. एक टोक रायफलला, दुसरं कमरेला, वर दुहेरी गाठ.

"अवंदा माझ्यापासनं बंदूक सुटत न्हाई," तो म्हणाला.

सुभेदार साहेबांनी त्याची दोरी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. "शाबाश. पक्की है."

दोरीमुळे लाइफ जॅकेट काखेत अडायचं, वल्हं पुरतं मागे जायचं नाही. म्हणून जॅकेटं काढून पायाशी टाकली. हुकूम कोणाचाच नव्हता. एकाने काढलं, मग सगळ्यांनी काढलं.

दुपारी निघालो तेव्हा पाणी शांत होतं. मध्यावर आलो आणि ताम्हिणी घाटाकडून वारा उतरला. पहिली लाट बोटीत आली, मग दुसरी. दत्ता ओरडत होता, "जोर लावा! थांबू नका!" तिसऱ्या लाटेने बोट आडवी झाली आणि उलटली.

पाण्याखाली हिरवा अंधार. कमरेला काहीतरी खाली ओढत होतं. मी दोरी धरली आणि ती हातात सरकली. माझी गाठ सुटली, रायफल तळाला गेली. जीव वाचला हे कळायच्या आधी रायफल गेली हे कळलं आणि मी गारठलो. वर डोकं काढलं आणि हाताला लागली ती उलटी बोट धरली.

काठावरून बचावाच्या बोटीशी वायरलेस चालू होता, हे नंतर कळलं. "सेफ्टी बोट, बोट दो उलट गई. ओवर." "लहरों में दिख नहीं रही. ओवर."

आम्ही उलट्या बोटीला धरून डोकी मोजली. दत्ता नव्हता. मी पाण्यात डोकं घालून पाहिलं तर तो बोटीखालीच होता. त्याची रायफल बोटीच्या दोरांत अडकली होती आणि तो रायफलला बांधलेला. मी खाली गेलो. त्याने माझं मनगट धरून गाठीवर नेलं. नायलॉन भिजून लोखंड झालं होतं. नखं तुटली, गाठ हलली नाही. वर आलो, श्वास घेतला, परत गेलो. या वेळी त्याने मनगट धरलं नाही. त्या क्षणाइतका मी पुढे सीमेवरही कधी भ्यालो नाही.

सेफ्टी बोट आली. पाणबुड्याने दोरी कापली. उशीर झाला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. जॅकेटाशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही आणि रायफल बोटीलाच बांधायची, तीही एका झटक्यात सुटणाऱ्या गाठीने, असा हुकूम निघाला. पुढे मीच बोटींवर उस्ताद झालो. हरलेली टीम आली की मी विचारायचो, कशामुळे हरलात ते मला माहीत आहे, आता कशाला भिताय ते सांगा. भीतीने शिकलेला धडा पाठ लवकर होतो, आणि त्यातच माणूस फसतो. माझी रायफल पाणबुड्यांनी नंतर काढली. मला कोणी एक शब्द बोललं नाही. मी मात्र आठवडाभर झोपेत कंबर चाचपत होतो.

त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. घोटावड्याहून दत्ताचे वडील आले. आम्ही त्याला ताडपत्रीवर ठेवून वर ब्लँकेट घातलं होतं. म्हाताऱ्याने ते उचलून तोंड पाहिलं, केसांतला गाळ बोटांनी काढला. मग उभं राहून सुभेदार साहेबांकडे वळले.

"साहेब, बंदूक?"

"त्याच्याजवळच होती, बाबा."

"पान्यात न्हाई ना गेली?"

"नाही."

"मग झालं," ते म्हणाले. "आता माझ्या पोराला कुनी हसायचं न्हाई."

एवढं बोलून ते खाली बसले. नाईक दत्ता शेलार आमच्या कंपनीतला सर्वांत पक्का हात होता, आणि मी आज हे लिहितोय ते माझी गाठ कच्ची होती म्हणून.