पंखांना लावलेली खळ

मांडीवर विमानाच्या पंखाचे टोक घेऊन बसलेल्या मथुरा आत्याबाई... ओठांत मेण लावलेला दोरा, पदर कमरेला खोचलेला, आणि समोर घोंगडीवर माशाच्या काट्यासारखा पसरलेला, अजून कापड न चढलेला तो लांबलचक लाकडी सांगाडा. मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा, असे कोणी विचारले की मला हेच चित्र दिसते. आमच्या घराण्यात पाचवी इयत्ता ओलांडून पुढे गेलेला मी पहिला, आणि ज्यांनी मला पुढे ढकलले त्यांना स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हते.

आम्ही धारच्या एका सरदारांच्या पदरचे. फरासखाना आमच्याकडे — म्हणजे डेरे, कनाती, राहुट्या शिवायच्या, पावसाळ्याआधी वाळवून घडी घालायच्या, स्वाऱ्या निघाल्या की उभ्या करायच्या. वडील वारले तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. आई त्याआधीच गेलेली. बाळपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या आत्याबाई आणि मी, एवढेच घर उरले. वडिलांची नेमणूक आता कोणाकडे जाणार, याची चर्चा आमच्या ओटीवरच, आमच्यासमोर चाले.

त्याच सुमारास ते विमान आले. मोठी लढाई नुकतीच संपली होती. सरदारांनी तिच्यात घोडे आणि माणसे दिली होती, त्याची आठवण म्हणून इंग्रजांनी एक मोडके लढाऊ विमान पाठवले. महूच्या स्टेशनापासून ते बैलगाड्यांवर लादून आणले. सरदारसाहेबांच्या मनात एक संग्रहालय काढायचे होते. मांडू पाहायला जाणारे साहेबलोक वाटेत थांबतील, असा बेत. हत्ती कधीच संपलेल्या हत्तीखान्यात जुन्या तोफा आणि तलवारी मांडल्या होत्या, त्यांच्यामध्ये विमान ठेवले. त्याच्या यंत्राला एरंडेलाचा वास येई. आम्हां मुलांना तो वास पोट साफ करण्याच्या दिवशीचा — त्यामुळे एवढे आकाशात उडणारे यंत्रही मला जुलाब घेतलेल्या आजारी माणसासारखे वाटे.

दुरुस्तीचे लाकूडकाम नथ्थू सुताराकडे आले, पंखांवर कापड चढवायला माणूस मिळेना. तेव्हा आत्याबाई स्वतः सरदारसाहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "डेरा काय नि पंख काय, ताणून शिवायचंच ना, सरकार? खंडेनवमीला शस्त्रांच्या पूजेत उभं करून देते. पण मग माझ्या भावाची नेमणूक घरातच राहिली पाहिजे. पोराला शाळेत घालायचंय." सरदारसाहेब हसले आणि "दिली" म्हणाले.

सारा भाद्रपद आम्ही हत्तीखान्यात काढला. मांजरपाट धुऊन उन्हात पांढराशुभ्र केला. दुहेरी टीप, एकसारखी, मुंग्यांच्या रांगेसारखी. विमानाचे खास रोगण मुंबईहून यायचे होते, ते आलेच नाही. म्हणून कनातींना करतात तशी चिंचोक्यांची खळ करायचे ठरले. चिंचोके भाजल्याचा खरपूस वास, मग शिजताना येणारा आंबूस, चिकट वास... अजून कुठे चिंचोके भाजले की मी थबकतो. खळ वाळली आणि कापड असे ताणले की टिचकी मारली तर डफासारखे वाजे. मी दिवसभर टिचक्या मारीत फिरे, आणि आत्याबाई ओरडत, "दत्तू, फाडशील रे मेल्या!"

नथ्थू विमानाभोवती फिरून बघे. "बाईजी, ऊपर से अलसी का तेल फेर दो. पानी झेल लेगा."

"आणि माझं कापड पिवळं करू? तू तुझं लाकूड बघ, नथ्थू भिया."

"मैं तो लकड़ी ही देख रियो हूँ. कपड़ा तो तुम देखने ही कहाँ देती हो!"

त्या खळखळून हसल्या. त्यांना तसे हसताना मी फार वेळा पाहिले नाही.

खंडेनवमीला विमान उभे राहिले. झेंडूच्या माळा, पुढच्या पंख्याला हळदकुंकू, चौघडा. आत्याबाईंना आत जायचे नव्हते. पूजेच्या जागी विधवेने येऊ नये, हे कोणी सांगावेही लागत नसे. आम्ही दोघे मागच्या जाळीशी उभे राहिलो. उपाध्यायांनी आंब्याच्या पानाने चार थेंब शिंपडले. तेवढ्यात सरदारांचे कारभारी म्हणाले, "तोफांना स्नान घालता, आणि सरकारांच्या विमानाला नुसते शिंतोडे?" झाले — घागरी आल्या.

"पाणी नको! अहो, पाणी नको त्याला!" आत्याबाईंनी जाळीला तोंड लावून हाका मारल्या. चौघड्यात कोणाला ऐकू जाणार? आत नथ्थू पुढे झाला, "सरकार, कपड़ा है..." कारभाऱ्यांनी डोळे वटारले, तो मागे सरला.

खळ विरघळली. दुधाळ पाणी ओघळू लागले, आणि ते ताठ पंख ओल्या धोतरासारखे लोंबले. चौघडा थांबला. त्या शांततेत कारभाऱ्यांचा आवाज स्पष्ट आला — "शस्त्राला विधवेचा हात लागला. दुसरं काय होणार?"

घागरी सगळ्यांच्या समोर होत्या. कोणी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. सरदारसाहेब निघून गेले; नेमणूक दिवाळीआधी कारभाऱ्यांच्या मेहुण्याला मिळाली. परतताना आत्याबाई एवढेच बोलल्या, "तेल लावायला हवं होतं." चूक त्यांनी फक्त आपली धरली, बाकीच्यांची त्यांनी कधी काढली नाही. ती मी आजवर काढतो आहे.

आम्ही धार सोडली. देवासला एका खोलीत त्यांनी लोकांच्या गोधड्या, गाद्यांच्या खोळी, लग्नघरचे मांडव शिवले — मांडव शिवायचे, पण मांडवात जायचे नाही. त्यावर मी शाळा, मग इंदूरचे कॉलेज केले. विमानाचे लाकूड म्हणे पुढे कोणाच्या तरी गोठ्याला लागले.

बी. ए. झालो तेव्हा मी आत्याबाईंना पदवीदानाला बोलावले. शेजारच्या मास्तरांकडून त्यांनी उत्तर लिहवून घेतले : "मंगल प्रसंगी माझे काय काम? तू जाऊन ये." आज त्या नाहीत. त्या उत्तरावर मी जे पत्र पाठवले, ते मात्र मला पाठ आहे.

"तीर्थरूप आत्याबाई यांस,

दत्तूचा शिरसाष्टांग नमस्कार. आपले पत्र पावले. तुम्ही येणार नसाल तर मीही जाणार नाही. हजर न राहणाऱ्याची पदवी टपालाने घरी पाठवतात, असे कचेरीत सांगितले. तुमच्याच पत्त्यावर मागवली आहे. मास्तरांना उघडू देऊ नका, माझी वाटही पाहू नका. पहिला हात तुमचा लागू द्या.

तुमचा,
दत्तू"