ऐनावरचं बी

आरमोरीला उतरलो तेव्हा सकाळचे दहाच वाजले होते, पण माझे गुडघे संध्याकाळसारखे थकले होते. वडशाहून तासाभराचाही प्रवास नाही. एका मुलीनं उठून मला जागा दिली होती, ती मी पुढच्या थांब्यावर एका लेकुरवाळीला देऊन टाकली. चाळीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत राजे केले. कोणी उभं असताना बसून राहणं जमत नाही, मग पाय बोंबलले तरी चालतं.

पिशवीत एक कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, शेला होता. माझ्या शेवटच्या प्रयोगात तो माझ्या खांद्यावर होता. यंदा दिवाळीनंतर आमच्या मंडळीतला प्रणित पहिल्यांदा राजाचं काम करणार, म्हणून शेला त्याला द्यायचं ठरवलं. ट्रंकेतून काढला तर घडीवर वीतभर विरलेला. पोराला पहिल्या रात्री फाटका शेला कसा द्यायचा? रफू करायला आरमोरीशिवाय दुसरं गाव मला माहीत नव्हतं.

बाजाराचा दिवस होता. शिंगाडे, बांबूची सुपं, सुकट, प्लास्टिकच्या बादल्या, मोबाइलची कव्हरं, सगळं रस्त्यापर्यंत आलेलं. याच बाजारात पूर्वी कोशांच्या टोपल्या ओळीनं लागायच्या आणि लांबचे व्यापारी एकेक कोसा कानाशी हलवून पारखायचे. आमचा टेम्पो इथे चहाला थांबायचा. लोक वळून बघायचे. आज कोणी वळलं नाही, आणि खरं सांगतो, बरंच वाटलं. वळून बघणाऱ्याकडे हसायचे तरी श्रम वाचले.

इसरू हा माझ्या ओळखीचा विणकर. माग बंद करून तो बाहेर आला, शेला उन्हात धरला आणि विरलेला धागा बोटांनी चाचपला.

"भाऊ, हा धागा माह्याकडे नाई," तो म्हणाला. "आता आमी बाहेरून येते तो धागा विणतो. हा घरच्या बियाचा कोसा आहे. असा आता एकट्या लहानूभाऊकडेच निंगते. तिथून मूठभर आना, मी जोडून देतो."

लहानू. मी नाव ऐकूनच पायरीवर बसलो. बावीस वर्षं या माणसानं आमचा पडदा ओढला होता आणि हा शेलाही त्यानंच दिला होता.

लहानू ढीवर समाजातला. नदीत आणि तळ्यांत मासेमारी, थोडी धानाची शेती, आणि पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळायच्या. ते संपलं की तो आमच्याकडे यायचा, छातीपर्यंत दाढी वाढलेली. अळ्या झाडावर असेपर्यंत दाढी करायची नाही, तेल लावायचं नाही, असा त्यांचा नेम. आमच्या मालकांनी ती दाढी फुकट जाऊ दिली नाही. मोसमाच्या पहिल्या नाटकात लहानूला ऋषी करत. त्याला एकच शब्द होता, "तथास्तु". तो त्यानं कधी चुकवला नाही, पण एकदाही वेळेवर म्हटला नाही. वर मागणाऱ्याचं मागून व्हायच्या आधीच द्यायचा आणि दोरीकडे पळायचा.

बाजारातून मी त्याच्यासाठी पावशेर सुकट बांधून घेतली आणि ऑटोत बसलो.

वैरागडकडे जाणारा रस्ता मी टेम्पोच्या टपावरून शेकडो वेळा पाहिला होता. खोब्रागडी नदीच्या दोन्ही बाजूंनी धान पिवळं पडायला लागलं होतं. पुलाच्या पलीकडे ऐन आणि मोह सुरू झाले. तिथे नवा फलक होता: वाघाचा वावर आहे, जंगलात एकट्याने जाऊ नये. ऑटोवाला म्हणाला, "आता तर हत्ती बी येते." ते त्यानं पावसाविषयी बोलावं तसं सांगितलं.

लहानूचं गाव म्हणजे वीस-पंचवीस घरांचा टोला. अंगणात त्याची बायको भागीरथाबाई सूप घेऊन बसली होती. मला ओळखायला तिला क्षणभर लागला, मग ती पदर सावरत उठली.

"अगं माय, गुणवंतभाऊ! या नं, बसा. मिशा काळ्या केल्या का जी?"

"बाजारात यायचं होतं ना," मी म्हणालो आणि सुकटीची पुडी पुढे केली.

तिनं ती दोन बोटांत धरली, अंगणाबाहेर गेली आणि लांबच्या कडुलिंबाच्या फांदीला बांधून आली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ढीवराच्या घरी मासे नेऊ नयेत असे अळ्यांच्या नेमाचे वर्षातून थोडे दिवस असतात आणि मी नेमका त्या दिवसांत आलो होतो.

लहानू ओसरीत बाजेवर होता. गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधलेला, दाढी पांढरी आणि तितकीच लांब.

"काऊन भाऊ, रस्ता चुकले का?" तो हसला, पण उठला नाही.

शेल्याचं मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे पाहत म्हणाला, "धागा कुठला देऊ आता? बीच संपत चाललं."

मग सगळं कळलं. बाकीचे लोक अळ्यांची अंडी बाहेरून आणतात. लहानू आणत नाही. दरवर्षीच्या चांगल्या कोशांतले थोडे तो घरात टांगून ठेवतो, त्यांतून पाखरं निघतात, ती अंडी घालतात, त्यातून पुढलं पीक. आजाच्या वेळेपासून हेच बी चाललेलं. यंदाच्या अळ्या आता बोटाएवढ्या झाल्या होत्या, चार दिवसांत कोसा धरणार होत्या. नेमका परवा लहानू बांधावरून घसरला. त्याचा राखणीचा जोडीदार नथ्थू, त्याची म्हातारी आई त्याच दिवशी गेली, म्हणून त्याला सुतक. सुतकातल्या माणसानं ऐनात पाय टाकायचा नाही. दोन दिवस झाडांना कोणी नव्हतं आणि कावळे, साळुंक्या अळ्या उचलत होते.

"पोरगा?" मी विचारलं.

"स्वप्निल ऊर्जानगरले आहे, ठेकेदाराकडे. सुट्टी भेटत नाई."

आतून स्वप्निलची बायको नीलिमा चहा घेऊन आली. डोक्यावरचा पदर न ढळू देता तिनं सासऱ्याला सांगितलं, "मामाजी, मी जातो म्हटलं नं सकाळीच. माहेरी धानावरची पाखरं मीच हाकलत होती."

"बाईमाणूस ऐनात जात नाई," लहानू म्हणाला. आवाज चढवला नाही. शंभरदा बोलून झालेलं वाक्य असावं तसा. बाईचा पाय लागला की अळी गळून पडते असं ते मानतात.

नीलिमा कप घेऊन आत गेली. भागीरथाबाई सुपातले तांदूळ निवडत राहिली.

मी म्हणालो, "मी जातो. चार दिवसच ना? गुलेल मला येत नाही, पण आवाज आहे."

लहानूनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मिशा धुवा लागतील," तो म्हणाला. "वास येऊन राह्यला."

राखेनं मिशा धुतल्या. रंग जाणार नव्हताच, वास गेला. एकट्यानं जायचं नाही म्हणून लहानूही निघाला. त्याला स्वप्निलच्या जुन्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून मी हँडल धरून ढकलत नेलं. दोघांचं वय मिळून दीडशे. बांधीत धान बघणारे दोघे हसले आणि त्यांचं बरोबर होतं.

ऐनाची ती साठ-सत्तर झाडं धानाच्या बांध्या संपतात तिथेच होती. अलीकडे शेंदूर फासलेला एक दगड. तिथे चपला काढल्या. आत गेलो तर आधी काहीच दिसेना. मग एका पानाखाली एक अळी दिसली, हिरवीगार, जाडजूड, पान कुरतडणारी. मग दुसरी. मग कितीतरी फांद्या, जिथे पानं खाल्लेली होती पण अळी नव्हती. लहानू दगडाजवळ बसून मला बोटानं झाडं दाखवत होता आणि प्रत्येक रिकाम्या फांदीवर त्याचं बोट थांबत होतं.

कावळे आले. मी सुरुवात केली. दरबारात शत्रूच्या वकिलाला सुनवायचं माझं एक भाषण होतं, ते काढलं. पहिल्या वाक्याला सगळे कावळे उडाले. लहानूनं टाळी वाजवली. मी दुसरं भाषण काढलं, तिसरं. शापाचं, लढाईला निघतानाचं, मुलाच्या प्रेतावरचं. एका टोकाला ओरडलो की ते दुसऱ्या टोकाला उतरायचे. मी धावायचो. म्हणजे मला धावल्यासारखं वाटायचं.

एके काळी माझा आवाज भोंग्याशिवाय मंडपातल्या शेवटच्या म्हातारीपर्यंत जायचा. दोन वाजेपर्यंत तो सातव्या झाडापर्यंतही जाईना. तीनपर्यंत घशातून फक्त हवा येत होती. एक कावळा माझ्यापासून चार हातांवर बसला, मान तिरपी करून त्यानं माझं ऐकलं आणि शांतपणे एक अळी उचलली. प्रेक्षक उठून जातात तेव्हा नटाला कळतं. मी खाली बसलो.

"राहू द्या भाऊ," लहानू म्हणाला. "जेवढं झालं तेवढं झालं."

तेव्हा बांधावरून भागीरथाबाई आली. डोक्यावर पाण्याची गुंडी, मागे नीलिमा. दगडाजवळ तिनं गुंडी उतरवली आणि आतल्या झाडांकडे बघत उभी राहिली.

"निम्मे बी नाई राह्यले," ती म्हणाली.

लहानूचं बोट पुन्हा एका रिकाम्या फांदीवर गेलं.

"सुनेले जाऊ द्या."

"तुले माहीत आहे नं नेम?"

"माहीत आहे." तिनं पदराचं टोक हातात धरलं. "ज्या साली मंडळीचा टेम्पो दिवाळीच्या आधीच आला, ते साल ध्यानात आहे तुमच्या?"

"हाव. चिमूरकडे गेलो होतो."

"नथ्थूभाऊले राखणीले ठेवून गेले तुमी. दुसऱ्या दिवशी त्याले ताप भरला. चार दिस मी राखली ही झाडं. सकाळी येऊ, दिवस बुडता जाऊ."

लहानूनं आतल्या झाडांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अळी गळली का?" तिनं विचारलं. "तुमीच आले आन् गावभर सांगत फिरले का असा कोसा कधी झाला नाई म्हणून. त्यातलाच शेला दिला तुमी भाऊले."

माझी पिशवी लहानूच्या शेजारीच होती. कोणी तिकडे पाहिलं नाही, पण मला तिचं वजन जाणवलं. तो शेला घेऊन मी लोकांना वाकून नमस्कार केला होता. लहानूनं बावीस वर्षांची आठवण म्हणून दिला असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो.

"सांगितलं काऊन नाई?" लहानूनं विचारलं.

"तुमी ते सारं बी जाळून टाकलं असतं."

तो नाही म्हणाला नाही. तो गुडघ्यावरचा पाला नीट करायला लागला. वर कावळ्यांचा गोंगाट चालूच होता, एकेक कावळा म्हणजे एकेक अळी, हे आता आम्हा चौघांनाही ऐकू येत होतं.

शेवटी त्यानं कमरेची गुलेल काढली. दगडाच्या या बाजूनं त्या बाजूला धरली, सुनेकडे न बघता.

"चप्पल काढून जा," तो म्हणाला. "एकटी नको जाऊ. आपल्या सासूले घेऊन जा. तिले सारी झाडं माहीत आहेत."

नीलिमानं पदर कमरेला खोचला. तिचा पहिला खडा फांदीवर नाही, थेट कावळ्याच्या शेपटीखाली लागला. पुढल्या अर्ध्या तासात वरचा गोंगाट निम्म्यावर आला. माझ्या चाळीस वर्षांच्या भाषणांना जे जमलं नाही ते त्या पोरीनं एक शब्द न बोलता केलं. भागीरथाबाई झाडाखालून झाडाखाली जात होती, हातानं पानं उलटत, आणि मधूनच सांगायची, "इथी तीन आहेत. इथी पाच."

आम्ही दोघे म्हातारे दगडाजवळ बसून पाणी प्यायलो.

लहानूनं दाढीतून हात फिरवला. "म्हंजे इतके वर्ष मी ही काऊन वाढवली?" तो जरा मोठ्यानंच म्हणाला.

"चांगली दिसते म्हणून," भागीरथाबाई आतून म्हणाली.

संध्याकाळच्या आत मी परत निघालो. धागा मिळाला नाही. यंदाचे कोसे आधी बियाला, उरले तर धाग्याला, असं लहानूनं सांगितलं, आणि उरतील असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. निघताना मी भागीरथाबाईसमोर शेला धरला. हा तुझाच आहे, असं म्हणायचं होतं, पण आवाज उठेना. तिनं विरलेल्या जागेवर अंगठा फिरवला, घडी उलटी घातली, विरलेली बाजू आत लपेल अशी, आणि पिशवीत ठेवून दिला.

"पोराले सांगा, हा पदर डाव्या खांद्यावर घे म्हणा," ती म्हणाली. "कोनाले दिसत नाई."

बसमध्ये मला जागा मिळाली आणि या वेळी मी ती कोणाला दिली नाही.