मान हलवायची नाही

आधीच सांगते, माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. सुरेखा मॅडम विदेशात जाणार, इंग्रजी शिकवणार आणि टिकणार, हे मी सिंदी मेघेतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. गल्ली हसली. आता त्याच गल्लीतल्या बाया दुपारी माझ्या मेसमध्ये येऊन बसतात आणि म्हणतात, "इंदूबाई, मॅडमचा तो किस्सा सांगा ना वो!" कोणता सांगू? आमच्याकडे खरकट्या डब्यांचा आणि किश्शांचा ढीग एकदमच लागतो. डबे निदान संध्याकाळपर्यंत घासून होतात!

मी चौथी पास. माहेर नाचणगाव. कॉलेजच्या पोट्ट्यांचे डबे करते. शेवंता माझ्या हाताखाली पोळ्या लाटते. सुरेखा मॅडम समोरच्या घरात राहतात. जन्मभर एका खाजगी शाळेत लहान पोरांना इंग्रजी शिकवलं. पन्नाशी उलटल्यावर शाळेनं शाल दिली, नारळ दिला आणि म्हटलं, "आता आराम करा." तेव्हापासून आराम हा शब्द ऐकला की मॅडमच्या कपाळाची शीर उडते.

* * *

बातमी त्यांनी पहिल्यांदा आमच्याच ओट्यावर सांगितली. व्हिएतनाम म्हणून देश आहे, तिथे इंग्रजीचे मास्तर पाहिजेत, कोर्स करावा लागतो, मी नाव टाकलं.

त्यांचे मिस्टर दिवाकरराव तिथेच उभे होते. हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. बायकोच्या डोक्याचीही फाइल आपल्याच टेबलावरून जाते असं समजणारा माणूस.

"व्हिएतनाम?" ते म्हणाले. "या वयात बायका तीर्थाले जातात."

"मग तुम्ही जाऊन या," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर घरी राहा. जेवणाचं इंदूबाई पाहतील."

दिवाकररावांनी मोठ्या आशेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "भाऊजी, तिखट किती चालते तुमाले?"

* * *

कोर्स कॉम्प्युटरवर होता. त्यात एक अट मोठी जालीम. शिकवताना पोरांच्या भाषेतला एक शब्द वापरायचा नाही. सगळं इंग्रजीतच, हावभाव करून, वस्तू दाखवून. आणि खऱ्या माणसांवर सराव करायचा.

मॅडमनी कॉलनीतल्या शिकलेल्या बायांना जमवलं. चहा, चिवडा, खुर्च्या, सगळं. तासभर शिकवलं. बाया छान मान हलवत होत्या. मॅडमनी शेवटी एक साधा प्रश्न विचारला. एकीच्याही तोंडातून शब्द नाही! सगळ्या पुन्हा मान हलवायला लागल्या.

मॅडम रडकुंडीला येऊन मेसमध्ये आल्या. "इंदूबाई, कोणाला समजलं आणि कोणाला नाही, तेच कळत नाही हो! सगळ्या नुसत्या मान हलवतात."

माझ्या गळ्यात तेव्हा मानेचा पट्टा होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, मणक्यात गॅप आहे.

"मंग मले शिकवा," मी म्हटलं. "मले मान हलवाची मनाईच हाय!"

* * *

माझा नियम एकच. नाही समजलं की पोळपाटावर लाटणं आपटायचं आणि ओरडायचं, "समजलं नाई!"

पहिल्या दिवशी मॅडम भुकेचं इंग्रजी शिकवत होत्या. "हंग्री, हंग्री" म्हणत पोटावर हात फिरवला, तोंड वेडंवाकडं केलं. शेवंता उठली आणि ओव्याचं पाणी घेऊन आली.

"पेऊन टाका मॅडम. काल वांगं बम तेलकट झालतं."

मॅडमना मराठी बोलायची बंदी! पाणी प्यावं लागलं. मी लाटणं आपटलं, "समजलं नाई!" त्यांनी पुन्हा पोट चोळलं. शेवंता पुन्हा उठली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, रिकामं ताट घेऊन पाटावर बसल्या आणि गरम पोळ्यांच्या चवडीकडे टक लावून पाहत राहिल्या. आम्ही वाढेचना. त्या पाहतच राहिल्या. शेवटी शेवंताचा जीव कळवळला.

"अवो इंदूबाई, हंग्री हाय ना ते बिचारी! वाढा ना तिले!"

मॅडमनी ताट बाजूला ठेवून शेवंताला मिठी मारली. त्या दिवशीची पोळी त्यांनी थंड खाल्ली.

* * *

दिवाकररावांना हे सगळं थट्टेचं वाटायचं. एकदा ऐन गर्दीच्या वेळेला जेवायला आले आणि पोट्ट्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "काऊन इंदूबाई, इंग्लिश शिकून राह्यल्या म्हणे? अन् आमची मॅडम आता जगाले शिकवनार. बोला बरं काही! पाहू तरी हिचं शिकवनं!"

मॅडम दारात उभ्या. त्यांचा चेहरा पाहिला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी झारा हातात घेऊन दिवाकररावांसमोर उभी राहिले.

"सिट डाऊन. ईट. नो टॉक."

माणूस बसला, जेवला, ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं आणि एक शब्द न बोलता गेला. मॅडम म्हणाल्या, "इंदूबाई, माझ्या अख्ख्या संसारात मला हे जमलं नाही!"

* * *

मुलाखतीच्या दिवशी मॅडमच्या घरची लाइट गेली. मेसच्या इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावला. मागे फोडणीचा वास, पण वास काही तिकडे जात नाही. समोर व्हिएतनामचा एक साहेब. तो भरभर बोलत होता, आवाज तुटत होता, आणि मॅडम हसून मान हलवत होत्या.

ती मान मी ओळखली! कॉलनीतल्या बायांची मान!

मी सैपाकघरातूनच लाटणं आपटलं. धाड!

साहेब दचकला. मॅडम दचकल्या. मग लाल होऊन इंग्रजीत म्हणाल्या, माफ करा, मला तुमचं बोलणं समजलं नाही, पुन्हा सांगा. त्यानं पुन्हा सांगितलं. तो म्हणत होता, "तुम्हाला माझं ऐकू येत नसेल तर हात वर करा."

नंतर मॅडमनी सांगितलं, त्या दिवशी सकाळपासून सगळे उमेदवार त्याच्या या वाक्याला मान हलवून गेले होते. नोकरी मिळाली. मात्र पहिले काही महिने परीक्षेचे. तिथल्या शाळेला पसंत पडलं तर पुढचं वर्ष, नाहीतर परतीचं तिकीट.

गल्लीनं दिवाळीपर्यंतचाच भरवसा धरला होता. दिवाकरराव तर म्हणाले, "येते परत. तिच्या साड्या कपाटात तशाच राहू द्या."

* * *

जाताना मी त्यांना माझं लाटणं दिलं. त्यांनी ते हँडबॅगेत ठेवलं. नागपूरच्या विमानतळावर मशीनमध्ये बॅग अडली. तिथल्या पोट्ट्यानं लाटणं बाहेर काढून वर धरलं.

"मॅडम, हे काय आहे?"

"मी शिक्षिका आहे. शिकवायला लागतं."

पोट्टा मागे सरकला. "मंग तर मोठ्या बॅगेतच टाका, मॅडम. मी बी शाळेत गेलो हाय!"

* * *

तिथे गेल्यावर महिनाभर मॅडमचा आवाज बसलेला. फोनवर बोलायच्या ते हळूच, कोणी ऐकेल की काय अशा.

"इंदूबाई, इथली पोरं फार गोड आहेत. फार शांत. आणि सगळी मान हलवतात."

"मंग लाटनं कायले देल्लं म्या?"

"आपटून पाहिलं. घाबरली. समजलं नाही असं म्हणायची त्यांना लाज वाटते. स्वतःच्या भाषेत लाज, इंग्रजीत तर तोंडच उघडत नाही. पुढच्या सोमवारी मोठ्या बाई वर्ग पाहायला येणार आहेत. त्यावरच सगळं. मला वाटतं, आमच्या ह्यांचं म्हणणंच खरं होतं. दिवाळीला येतेच मी."

मला असा राग आला म्हणता! "त्याईले सोताच्या भाषेत लाज वाटते ना? मंग माह्या भाषेत म्हनू द्या! माह्या तोंडाची त्याईले कायची लाज?"

फोन कटला.

* * *

सोमवारी मॅडमनी मला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. मीच बजावलं होतं, माझी नजर असली की तुमची मान सरळ राहते. त्यांची शाळा भरते तेव्हा इकडे आमची कणीक मळायची वेळ. माझे दोन्ही हात परातीत, शेवंता माझ्या खांद्यावरून डोकावून.

तिथल्या मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. धडा बरा चालला. मग त्या स्वतःच उठून पुढे आल्या आणि पोरांना इंग्रजीत काहीतरी लांबलचक सांगायला लागल्या. शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाचात कोणी कुठे उभं राहायचं, असं काहीतरी. शेवटी म्हणाल्या, "अंडरस्टँड?"

एक मान हलली नाही.

पहिल्या बाकावर एक झिपरी पोरगी होती. तिनं बाकावर हात आपटला. मग तिच्या शेजारच्यानं. मग अख्ख्या वर्गानं! आणि सगळे एका आवाजात, थेट आमच्या नाचणगावच्या सुरात ओरडले, "समजलं नाई!"

"गेली मॅडम," शेवंता म्हणाली. "काढा साड्या कपाटातून."

मोठ्या बाई लाल झाल्या. मॅडमकडे वळल्या. मॅडमनी अर्थ सांगितला. मी डोळ्यात तेल घालून पाहत होते, मान सरळ होती!

मोठ्या बाईंनी पुन्हा सांगितलं, सावकाश. "समजलं नाई!" फळ्यावर रांगा काढून दाखवल्या. अर्धा वर्ग गप्प, अर्धा अजून ओरडतोच. मग त्या बाईनं चपला काढल्या आणि सगळ्या वर्गासमोर स्वतः नाचून दाखवलं!

झिपरी उभी राहिली. मॅडम म्हणायच्या, ही पोरगी महिनाभर एक शब्द बोलली नाही. तिनं इंग्रजीत विचारलं, "टीचर, यू डान्स विथ अस?"

वर्ग हसत सुटला. मोठ्या बाई हसता हसता खुर्चीत बसल्या. मॅडमचा हात धरून काहीतरी बोलल्या. त्यातलं "नेक्स्ट इयर" मला समजलं, शेवंतालाही समजलं. तिनं परातीवरच लाटणं वाजवलं.

मग मोठ्या बाईंनी डोळे पुसले, चेहरा कडक केला, बोट उगारलं.

"हू टॉट देम दिस?"

एवढं इंग्रजी आता मला येतं. मी फोन बंद करायला धावले, पण दोन्ही हात कणकेचे. तोवर मॅडमनी मोबाइल उचलला, माझं तोंड अख्ख्या वर्गाकडे फिरवलं आणि ठणकावून म्हणाल्या,

"इंदूबाई झाडे."