बोलणारा लॅपटॉप

मुलुंडला जुने कॉम्प्युटर विकत बसलं की दुकानात माल कमी आणि किस्से जास्त साठतात. मी कुठे शिकायला गेलो नाही, मशीन उघडत-बिघडवत शिकलो. प्रत्येक मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून देतो. फुकट आहे, जुन्यावरही झकास चालतं. गिऱ्हाईक परत येतं ते बहुतेक एकाच तक्रारीने. आवाज नाही!

*

विक्रोळीचे सावंतकाका दोनदा स्पीकर बदलून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी स्क्रीनवर आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर उघडून बघितला, तर मुख्य आवाजच म्यूट! त्या काळी लिनक्स नवीन टाकलं की सगळं म्यूटच यायचं, आपण एक बटण दाबून उघडायचं. मला पत्ताच नव्हता.

"म्हणजे तोंड बांधून विकलंस होय रे!" काका म्हणाले.

*

घाटकोपरच्या क्लासवाल्या सरांचं उलटं. मशीन म्हणत होतं आवाज चालू आहे, ऐकू काही येईना. आवाज जात होता मॉनिटरच्या वायरीतून, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते!

सर म्हणाले, "यार, माझ्या वर्गातही हेच होतं."

*

नाहूरच्या कांबळे मॅडमचा फोन आला तेव्हा आवाजाचं आपल्याला आता सगळं कळतं, या तोऱ्यात मी होतो.

"काका, अपडेटनंतर आवाज गेला. सोमवारी कामावर रुजू व्हायचंय, घरूनच काम आहे."

"होईल ना! स्क्रीनवर काय दिसतंय तेवढं सांगा."

"मला दिसत नाही, काका. लॅपटॉप वाचून दाखवतो तेवढंच मला कळतं."

समोर चार गिऱ्हाइकं उभी होती. "शनिवारी लॅपटॉपच घेऊन या," मी म्हणालो.

*

शनिवारी मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या. अपडेटमध्ये आवाज सांभाळणारा प्रोग्रॅमच बदलला होता. मी तो मार्गी लावला, गाणं वाजवून दाखवलं. त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पासवर्ड मागणाऱ्या स्क्रीनवर शांतता! ती स्क्रीन वेगळ्या युजरच्या नावाने चालते, तिचा आवाजही वेगळा. मी फक्त आतला सुरू केला होता.

"दारात मुका, घरात बोलका," मॅडम म्हणाल्या. "मग मी आत कशी जाऊ?"

*

लॅपटॉप ठेवून घेतला. रविवारी शटर अर्धं ओढून, त्याच्या स्क्रीनवर टॉवेल टाकून बसलो. नुसत्या कानावर काम. तीनदा पासवर्डाशीच अडकलो.

संध्याकाळी मॅडम आल्या. त्यांनी लॅपटॉप चालू केला. मी आपला सांगतच होतो, कुठली फाइल, कुठली सेटिंग, त्याने माझं किती डोकं खाल्लं...

मॅडमनी तळहात वर केला.

"थांबा काका. तो बोलतोय."