वाकेन, पण थांबणार नाही

मास्टर सायकलवर कधी बसले नाहीत. तिचं हँडल धरून, पुढे ओणवून, ते शेजारून चालत. कॅम्प तीन या आमच्या भागातल्या एका जीन्सच्या कारखान्यात ते कटिंग मास्टर होते आणि आमच्या शेजारी राहत. चार पावलं ताठ टाकली की त्यांचे पाय बधिर व्हायचे. त्यांचा मुलगा रोज रिक्षा बोलावू का म्हणायचा. "ज्या दिवशी मला कुणी नेऊन सोडेल, त्या दिवशी काम बंद," ते म्हणत. "मोडेन पण वाकणार नाही म्हणणारे खूप बघितले. मी वाकेन, पण थांबणार नाय."

मी तेव्हा फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणजे अक्कल कमी आणि आवाज मोठा. "मास्टर, पोक काढू नका, ताठ चाला," असं दटावून एका सकाळी मी सायकलच काढून घेतली. बिचारे मुकाट्याने चालले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे पाय लटपटले आणि फळवाल्याने धावत स्टूल दिलं. पुढे वाकून बसताच दोन मिनिटांत पायांत जीव आला. माझी मात्र मान वर होईना.

संध्याकाळी पुस्तक घेऊन मी त्यांच्याकडे गेले. मणक्यांच्या मागच्या कमानी एकमेकींना बांधणारा पिवळा अस्थिबंध दाखवला. वाकताना तो ताणला जातो, सरळ होताना आखडून मदत करतो, त्याला लागूनच नसा जातात, असं घडाघडा म्हटलं.

मास्टरांनी चष्मा लावला. "अगं, हे तर इलॅस्टिक! ताणूनच शिवतात. जुनं झालं की आत चुण्या पडतात. वाकलं की ताण बसतो, चुणी निघते. माझं जुनं झालंय, सिंपल."

पुढच्या पानावर तेच छापलं होतं: वयाने तो जाड होतो, ताठ उभं राहिलं की आत फुगून नसा दाबतो. परीक्षेला येत नाही म्हणून मी ते पान सोडलं होतं.

डॉक्टरांच्या तपासणीत हेच निघालं. ऑपरेशनच्या नावाने घरचे घाबरले; मास्टरांनी डॉक्टरांना विचारलं, "जुनं काढणार, मग नवीन कधी लावणार?" नवीन लावत नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "चालेल. चालता आलं म्हणजे झालं."

ऑपरेशननंतर तीन वर्षं ते ताठ चालत कारखान्यात गेले. माझी चूक त्यांनी एकदाही काढली नाही, आणि म्हणूनच ती मला अजून सलते.

मागच्या हिवाळ्यात कटिंगच्या टेबलापाशीच त्यांचं हृदय थांबलं. सकाळी ते आपल्या पायांनी गेले होते. घरी मात्र आम्ही त्यांना उचलून आणलं, पहिल्यांदाच, आणि तेही त्यांना न विचारता.