हराजमधला किल्ट

माझ्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा किल्ट मी सौदीतल्या यान्बूच्या हराजमध्ये, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारात घेतला. स्कॉटलंडचे पुरुष नेसतात ना, तो चौकड्यांचा लोकरी घागरा. रत्नागिरीकडच्या एका साध्या ड्राफ्ट्समनला तो कशाला हवा होता, असं लोक आजही विचारतात. हवा होता, आणि फार हवा होता.

इराकने कुवेत घेतलं तेव्हापासून आमची कॉलनी रिकामी होत चालली होती. जानेवारीत लढाई अगदी तोंडावर आली, तेव्हा कंपनीने बायकामुलांना मायदेशी धाडायचं ठरवलं. शुक्रवारी सकाळी कॉलनीतून बस, मग जेद्द्याहून विमान. पुरुषांनी मागे राहून काम चालू ठेवायचं.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिने मला एकदाच विचारलं, "तू का नाही येत?" मी तिला नोकरी, इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, कफिलाची म्हणजे तिथल्या मालकाची परवानगी असलं काहीबाही सांगत बसलो. सात वर्षांच्या पोरीला इकामा समजावणाऱ्या बापाला काय म्हणावं! तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. मी शेजारी बसलेला असलो तरी पाण्याचा पेला आईकडे मागायची. लढाईची भीती मला होतीच, पण त्याहून मोठी धास्ती ही होती की पोरगी अशीच, न बोलता बसमध्ये चढेल आणि निघून जाईल.

त्यात माझ्या साहेबाने मला बोलावलं. हा स्कॉटिश गडी सणावाराला किल्ट नेसून कॉलनीत बॅगपाइप वाजवायचा. त्याचा चारपाच जणांचा बँड होता. बाकीचे एव्हाना घरी पळाले होते, आणि बँड म्हणजे आता तो एकटाच. त्याची बायकोही त्याच बसने जाणार होती. तो म्हणाला, "त्यांना रडत पाठवायचं नाही. वाजवत पाठवायचं. तू ड्रम घे." माझी बोटं ड्रॉइंग बोर्डावर सारखी वाजत असतात, हे त्याने पाहिलं होतं. गावी शिमग्याला पालखीपुढे मी ढोल बडवत असे, हे त्याला मीच एकदा फुशारकीने सांगितलं होतं.

मी लगेच हो म्हटलं. कारण तो बँड वाजायला लागला की माझी मुलगी हातातलं टाकून त्याच्यापुढे धावायची. ड्रम माझ्या गळ्यात असला तर तिला माझ्याकडे बघावंच लागेल, असा माझा हिशेब.

साहेबाची अट एकच होती. किल्ट नसेल तर त्याच्या शेजारी उभं राहायचं नाही. त्याचा जादा किल्ट मला दोनदा गुंडाळूनही उरला असता. नवा मागवायला वेळ नव्हता आणि तेवढा पगारही नव्हता. म्हणून हराज.

त्या दिवसांत हराजमध्ये काय नव्हतं! निघून गेलेल्यांचे सोफे, मुलांच्या सायकली, अर्धवट भरलेली मसाल्याची डबडी. दुसऱ्यांचे संसार असे जमिनीवर मांडलेले. पडद्यांच्या ढिगात मला हिरव्या चौकड्या दिसल्या. ओढून काढला तर किल्टच, चामड्याच्या पट्ट्यांसकट. एका कोपऱ्याला कसर लागली होती.

"मेमसाब का घागरा है, भाई," पठाण दुकानदार म्हणाला. "असली ऊन. सर्दी में गरम रहेगी."

मेमसाबचा म्हटल्यावर मीही मेमसाबसाठीच घेतल्यासारखा भाव पाडला. तो पडदेही गळ्यात मारायला बघत होता. मी पाठ फिरवून चालू लागलो, तेव्हा मागून ओरडला, "खलास, ले जा!" माझ्या खिशाला झेपला, आणि मी घरापर्यंत शीळ घालत आलो.

शुक्रवारी सकाळी बायकोने सामान बांधता बांधता मला किल्ट नेसवला. आत मी अर्धी चड्डी घातली होती, त्यावरून ती पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग निऱ्या नीट चापूनचोपून पुढे घेतल्या. निऱ्या म्हटल्यावर त्या पुढेच असणार, हे आम्हा दोघांना जन्मापासून ठाऊक. पट्टे बांधायला मागून दुसरा माणूस लागत होता, तरीही आम्हाला शंका आली नाही. साहेबाला इतक्यांदा बघितलं होतं, पण पुरुषाच्या घागऱ्याकडे निरखून बघायची आपल्याला सवय कुठे असते?

बसपाशी साहेबाने मला पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. पण ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत दरवाजा लावत होता. साहेबाने डोळे मिटून पाइपमध्ये हवा भरली आणि मी ड्रमवर टोला टाकला.

मुलगी खिडकीशी बसली होती, पाठ माझ्याकडे करून. मी आणखी जोरात वाजवायला लागलो. हळूहळू मान वळली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, साहेबाच्या पाठीमागच्या निऱ्यांकडे पाहिलं, पुन्हा मला पाहिलं आणि काच सरकवून हसत हसत किंचाळली, "बाबा, उलटा घातलायस!"

मला इतका आनंद झाला की माझा ताल चुकला. बस हलली. तिने डोकं बाहेर काढलं होतं आणि ती अजून काहीतरी सांगत होती. आता हसत नव्हती. हाताने खुणा करत, पुन्हा पुन्हा, तेच तेच सांगत होती. ड्रम थांबवला असता तर ऐकू आलं असतं. पण शेजारी साहेब बसकडे बघत वाजवत होता, गाल भिजले होते, आणि त्याला मधेच एकटं सोडवेना. मी वाजवत राहिलो. बस फाटकातून वळली.

लढाई संपली, दोघी परत आल्या, पुढे आम्ही सगळेच कायमचे घरी आलो. त्या दिवशी काय सांगत होतीस, असं मी मुलीला कितीदा तरी विचारलंय. तिला काही आठवत नाही. म्हणते, "ड्रमचा आवाज तेवढा आठवतो, बाबा."