क कंदिलाचा

छप्पन साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. त्याचा आमच्या गावापर्यंत काय फरक पोचला म्हणाल, तर प्रौढ वर्गाची पुस्तकं पुण्याहून येऊ लागली. पहिल्याच पानावर कंदिलाचं चित्र आणि खाली ठळक क. दिवसभर शाळेतली पोरं हाकून संध्याकाळी मी बायकांचा वर्ग घ्यायची. त्या कापूस वेचून आलेल्या, माझा घसा बसलेला. चित्रावर बोट ठेवलं की सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "लालटेन." आणि खालच्या क ला ल म्हणून मोकळ्या व्हायच्या.

मुळात कंदील अरबीतून आलेला, आणि लालटेन हे इंग्रजी शब्दाचं हिंदीच्या तोंडी घासून गुळगुळीत झालेलं रूप. दोघंही पाहुणेच. पण एकाला पुस्तकात पाट मांडलेला, दुसरा उंबऱ्याबाहेर उभा. मला राग यायचा. पण रागवायलाही अंगात त्राण लागतं.

वर्गातल्या एका मावशींना मात्र वाचता यायलाच हवं होतं. त्यांची लेक कारंज्याला दिलेली, तिचे दिवस भरत आलेले.

"मोटारीवरची पाटी वाचता आली पायजे बाई. दरवेळी मानसाले इचारा, अन् तो हासते."

एकदा क कडे टक लावून त्या म्हणाल्या, "मंग हे कारंज्याचं बी अक्षर व्हय का?" मी हो म्हटलं. तेवढं एक अक्षर त्यांनी घट्ट धरलं.

मग तपासायला साहेब आले. त्यांनी चित्र दाखवलं, बायका म्हणाल्या लालटेन, ल. मी समजावू लागले.

"पहिलंच अक्षर येत नाही, बाई," एवढं बोलून त्यांनी वर्ग बंद केला. त्या संध्याकाळी मी दिवेलागणीलाच आडवी झाले.

काही दिवसांनी मावशी शाळेच्या पायरीशी येऊन बसल्या. लेकीचा सांगावा आल्यावर त्या तळेगावच्या फाट्यावर गेल्या होत्या. मोटारीच्या पाटीवर क दिसला, कोणाला न विचारता चढल्या, आणि आष्टीच्या वाटेने थेट काटोलला उतरल्या. काटोलही क चंच. कारंज्याला पोचल्या तोवर दुसरा दिवस उजाडला होता. नात झाली होती.

"पोरगी रातभर माय माय करत होती मने," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता बोल लावतील. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"बाई, कारंज्याचं दुसरं अक्षर कोनतं हाय?"

मला रडू आलं. पायरीवरच्या धुळीत मी बोटाने र काढला.